वायराकेईच्या पोटातलं पाणी

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर, ताउपो सरोवरापासून जवळच, वायकाटो नदीच्या काठी वायराकेईचं वीजकेंद्र आहे. जमिनीखालचं तापलेलं पाणी विहिरींतून वर आणायचं, त्यातली वाफ वेगळी काढायची आणि तिच्यावर टर्बाइन फिरवायचं, अशी त्याची रीत. नोव्हेंबर १९५८ मध्ये इथे पहिली वीज तयार झाली. त्याआधी भूऔष्णिक विजेचा दीर्घ अनुभव होता तो इटलीतल्या लार्देरेल्लोला; तिथलं केंद्र १९१३ मध्ये सुरू झालं होतं. पण लार्देरेल्लोला जमिनीतून वर येते ती कोरडी वाफ. वायराकेईला येत होतं सुमारे २६० अंश सेल्सिअसचं पाणी. अशा पाण्याच्या साठ्यावर एवढं मोठं केंद्र तोवर कुणीच चालवलं नव्हतं. साठा दहा वर्षं पुरेल की शंभर, हे विचारायचं तरी कुणाला?

उत्तर पुढे वायराकेईतच जमा होत गेलं. त्याच जागी, त्याच गोष्टी, वर्षामागून वर्षं मोजून. केंद्र व्यवस्थित चाललंय म्हणजे खाली सगळं ठीक असणार, असं इथल्या अभियंत्यांनी आणि शास्त्रज्ञांनी गृहीत धरलं नाही. या केंद्राच्या इतिहासात मला टर्बाइनपेक्षा हे मोजमापच मोलाचं वाटतं. आज जगात कुठेही नवं भूऔष्णिक क्षेत्र उघडायचं झालं, तर साठा वयानुसार कसा बदलतो याचा पहिला अंदाज वायराकेईच्या नोंदींवरून बांधला जातो.

साठा म्हटलं की डोळ्यांसमोर तळं किंवा गुहा येते. खाली तसं काही नसतं. ज्वालामुखीच्या राखेपासून आणि लाव्हापासून बनलेले खडक असतात, त्यांत भेगा आणि बारीक छिद्रं असतात, आणि त्यांत पाणी भरलेलं असतं. एक-दोन किलोमीटर खोलीवर वरच्या पाण्याचा भार इतका असतो की २६० अंशांचं पाणीही उकळत नाही. प्रेशर कुकरमध्ये पाणी शंभर अंशांच्या वर जातं ते याच कारणाने. आणि झाकण सैल झालं की ते एकदम वाफ होऊन उसळतं, तसंच या साठ्याचंही होतं. दुसरी गोष्ट अशी की उष्णतेचा बहुतांश हिस्सा पाण्यात नसून खडकात असतो. पाणी फक्त ती उष्णता वर वाहून आणतं. त्यामुळे इथे दोन हिशेब वेगवेगळे ठेवावे लागतात, एक पाण्याचा आणि एक उष्णतेचा. दोन्ही एकाच वेगाने संपत नाहीत, आणि कुठला आधी संपतोय हे ओळखण्यावर केंद्राचं आयुष्य ठरतं.

पाण्याचा हिशेब सांगतो तो दाब. सुरुवातीच्या काळात विहिरीत तारेने सोडायचं दाबमापक पूर्णपणे यांत्रिक असे. आत घड्याळाचं यंत्र, त्याने हळूहळू सरकणारा धातूचा पत्रा आणि त्यावर दाबाची रेघ ओढणारी सुई. इतक्या उष्णतेत इलेक्ट्रॉनिक यंत्र टिकत नसे, पण घड्याळ टिकायचं. आता दाब, तापमान आणि पाण्याचा वेग एकाच फेरीत मोजणारी उपकरणं निर्वात भिंतींच्या नळकांड्यात घालून खाली सोडतात. आतली इलेक्ट्रॉनिक्स तापायच्या आत मोजणी उरकून त्यांना वर घ्यावं लागतं. ज्या विहिरीवर कायम लक्ष ठेवायचं, तिच्यात बारीक पोकळ नळी सोडून तिच्यात वायू भरतात आणि खालचा दाब वरच वाचतात.

वायराकेईत या मोजणीतून एक अनपेक्षित गोष्ट दिसली. उत्पादन सुरू झाल्यावर दाब घसरणार हे उघडच होतं. पण तो सगळ्या विहिरींत जवळजवळ बरोबरीने घसरत होता. म्हणजे खालचे खडक एकमेकांशी फार मोकळेपणाने जोडलेले होते. एका विहिरीतून घेतलेलं पाणी सगळ्या क्षेत्राच्या खात्यातून वजा होत होतं. सत्तरच्या दशकापर्यंत दाब सुमारे २५ बारने उतरला आणि मग घसरण मंदावून जवळपास थांबली. साठा संपत आला म्हणून ती थांबली नव्हती. वरचा दाब कमी झाल्याने खोलवरचं आणि आजूबाजूचं पाणी आधीपेक्षा जोराने आत येऊ लागलं होतं. उपशानेच भरण वाढवलं होतं. मात्र त्या मोकळ्या जोडणीची दुसरी बाजूही दिसली. काही किलोमीटरवरच्या ताउहारा क्षेत्रात तेव्हा वीजनिर्मिती नव्हती, तरी तिथलाही दाब उतरला आणि ताउपो गावाजवळचे काही गरम झरे रोडावले.

दाब उतरल्यावर साठ्याच्या वरच्या भागात पाणी जागच्या जागी उकळू लागलं आणि तिथे वाफेचा थर तयार झाला. त्याचा परिणाम जमिनीवर दोन ठिकाणी अगदी उलटसुलट दिसला. वायराकेईची गीझर व्हॅली हे जुनं प्रसिद्ध ठिकाण होतं. खालून वर ढकलल्या जाणाऱ्या गरम पाण्यावर तिथले फवारे आणि कुंडं जिवंत होती. ढकलणारा दाबच गेला आणि काही वर्षांतच फवारे थंडावले. तिथून थोड्या अंतरावरच्या कारापितीला मात्र जमीन जास्तच तापली. नव्याने तयार झालेली वाफ तिथल्या मोकळ्या वाटांनी वर येऊ लागली आणि पृष्ठभागातून बाहेर पडणारी उष्णता पन्नासच्या दशकातल्या सुमारे ४० मेगावॉटवरून साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत ४०० मेगावॉटच्या घरात गेली. आज पर्यटक तिथे लाकडी पायवाटेवरून वाफाळती विवरं बघत फिरतात. त्यातली बरीचशी वाफ वीजकेंद्राची देणगी आहे, हे फार थोड्यांच्या लक्षात येत असेल.

गीझर व्हॅली गेली ती परत आलेली नाही. माओरी समाजासाठी असे झरे पूर्वापार आंघोळीचे, स्वयंपाकाचे, उपचाराचे आणि श्रद्धेचे आहेत. ही किंमत मेगावॉटमध्ये मांडता येत नाही. पण या घडामोडीतून पाहणीचा एक नियम रुजला: झऱ्याचं तापमान, प्रवाह आणि पाण्यातलं क्लोराइड ही मोजमापं पहिली विहीर खोदण्याआधी सुरू झाली पाहिजेत. खोल उकळलेलं पाणी क्लोराइड घेऊन येतं, वाफ ते खालीच सोडते. त्यामुळे झऱ्यातलं क्लोराइड घटलं की खालून येणारं पाणी आटून त्याची जागा वाफेने तापलेलं उथळ पाणी घेतंय, हे डोळ्यांना फरक दिसण्याआधी कळतं.

आता गुरुत्वाकर्षणाकडे येऊ. या सगळ्या पाहणीतला हा भाग मला सर्वांत देखणा वाटतो. जमिनीखालून पाणी काढलं की तिथलं वस्तुमान कमी होतं, आणि वस्तुमान कमी झालं की त्या जागेवरची ओढही कमी होते. ही घट अतिशय सूक्ष्म असते. ती मायक्रोगॅलमध्ये मोजतात, आणि एक मायक्रोगॅल म्हणजे पृथ्वीच्या ओढीचा साधारण अब्जावा हिस्सा. आत नाजूक स्प्रिंग असलेला गुरुत्वमापक घेऊन ठरलेल्या खुणांवर जायचं, मोजायचं आणि काही वर्षांनी त्याच खुणांवर परत यायचं. मधल्या काळात चंद्र-सूर्याच्या ओढीने होणारा फरक, पावसाने वर-खाली होणारी भूजलाची पातळी, हे सगळं वजा करावं लागतं. जमीन खचली असेल तर आणखी एक वजाबाकी येते. मोजण्याची जागा मीटरभर खाली गेली की ती पृथ्वीच्या केंद्राच्या तेवढी जवळ जाते आणि ओढ सुमारे ३०० मायक्रोगॅलने वाढते. म्हणून गुरुत्वमापनाच्या जोडीने त्याच खुणांची उंचीही तेवढ्याच काळजीने मोजावी लागते. उंची चुकली तर सगळाच हिशेब चुकतो.

न्यूझीलंडचे भूभौतिकशास्त्रज्ञ ट्रेव्हर हंट यांनी साठच्या दशकापासून वायराकेईत हे काम चिकाटीने केलं. त्यांच्या पद्धतीत एक फार सुंदर गोष्ट आहे. संपूर्ण क्षेत्रावरच्या गुरुत्वबदलाची बेरीज केली तर खालून नेमकं किती वस्तुमान गेलं हे निघतं. ते कुठल्या खोलीवरून गेलं, साठ्याचा आकार काय, हे ठाऊक असण्याची गरजच पडत नाही. दुसरीकडे, विहिरींतून किती पाणी काढलं हे केंद्राच्या वह्यांत लिहिलेलं असतंच. तो उपसा वर्षाला काही कोटी टनांचा होता. काढलेलं वजा गेलेलं, म्हणजे बाहेरून आत आलेलं. जे पाणी कुणी पाहिलं नाही, ज्याच्यावर कुठे मीटर लावता येत नाही, त्याचं मोजमाप असं हाती आलं. सुरुवातीच्या वर्षांत काढलेलं बरंचसं पाणी साठ्यातून खर्च होत होतं. साठच्या दशकाच्या शेवटाकडे मात्र काढलेलं जवळजवळ सगळं पाणी भरून निघू लागलं होतं. दाबाचा उतार थांबण्याचं जे कारण विहिरी सुचवत होत्या, त्याला अगदी वेगळ्या मार्गाने दुजोरा मिळाला.

हे शक्य झालं कारण १९५० च्या सुमाराची मोजमापं हाताशी होती. ती करणाऱ्यांच्या मनात वीस वर्षांनंतरचा हा उपयोग नसणार. पण त्यांनी खुणा नीट ठेवल्या आणि आकडे जपले. अशा कामाला कुठे पुरस्कार मिळत नाही, त्याच्या बातम्याही होत नाहीत, याची मला खरोखर खंत वाटते.

खचण्याचा विषय निघालाच आहे तर त्याबद्दल थोडं सविस्तर. वायराकेईत सर्वांत जास्त खचलेल्या जागी जमीन सुमारे १५ मीटर खाली गेली आहे. पाच मजली इमारतीएवढी ही उंची झाली. सत्तरच्या दशकात तिथे वर्षाला जवळपास अर्धा मीटर जमीन बसत होती. मग वेग कमी होत गेला. चक्रावून टाकणारी गोष्ट म्हणजे ही खोलगट जागा विहिरींच्या मुख्य क्षेत्राच्या बाहेर आहे. साठ्यातले खडक दाब उतरल्याने फारसे आवळले गेले नव्हते. वरच्या थरांत मात्र जुन्या सरोवराच्या तळाशी साचलेल्या गाळाचे मऊ खडक होते. दाबाची घट हळूहळू त्यांच्यापर्यंत पोचली, त्यांच्या छिद्रांतलं पाणी निसटलं आणि वरच्या भाराने ते चेपले. असा मऊ थर जिथे जाड, तिथे जमीन जास्त बसली. तिथून वाहणाऱ्या ओढ्याचं पाणी खड्ड्यात साचून तळं झालं.

हे कळलं ते लेव्हलिंगमुळे. सर्व्हेअर लोक बेंचमार्कवर पट्टी उभी करून दुर्बिणीतून उंची वाचतात, तीच जुनी पद्धत. आज जोडीला उपग्रहावरचं रडार आहे. एकाच जागेवरून दोन वेळा घेतलेल्या प्रतिमांतल्या लहरींचा फरक ताडून जमीन काही मिलिमीटर हलली तरी ओळखता येते, आणि तेही शेकडो चौरस किलोमीटरवर एकदम. पण दाट झाडी असली की रडारची जुळणी बिघडते, आणि १९९० च्या दशकाआधीचा काळ त्याला दिसतच नाही. तिथे बेंचमार्कच बोलतात.

उष्णतेचा हिशेब विहिरीच्या तोंडाशी सुरू होतो. विहिरीतून पाणी आणि वाफ यांचं मिश्रण प्रचंड आवाज करत येतं. त्यात वाफ किती, पाणी किती, म्हणजे एकूण उष्णता किती, हे कळणं अत्यंत गरजेचं. वायराकेईतच काम करणाऱ्या रसेल जेम्स यांनी साठच्या दशकात यावर एक साधा उपाय शोधला. मिश्रण नळीच्या तोंडातून ध्वनीच्या वेगाने बाहेर पडताना अगदी कडेला असलेला दाब मोजायचा, वाफ उडून गेल्यावर उरलेलं पाणी खाच असलेल्या बांधावरून वाहू देऊन मोजायचं आणि दोन्हींवरून उष्णता काढायची. महागडं विभाजक यंत्र नसलं तरी काम होतं. ही पद्धत आजही जगभर वापरतात.

त्याच पाण्याची बाटली प्रयोगशाळेत गेली की दुसरी माहिती मिळते. पाणी जितकं गरम, तितकी त्यात सिलिका जास्त विरघळते. सोडियम आणि पोटॅशियमचं प्रमाणही तापमानाप्रमाणे ठरतं. वर येताना पाणी पटकन थंड झालं तरी ही रासायनिक खूण काही काळ टिकते. म्हणून वरच्या पाण्यावरून खालचं तापमान सांगता येतं. कोकणातल्या वज्रेश्वरी-गणेशपुरी, उन्हवरे, तुरळ, राजापूर इथल्या गरम पाण्याच्या कुंडांखाली किती तापमान असेल, याचे अंदाजही भूवैज्ञानिकांनी याच रीतीने बांधले आहेत. चालू वीजक्षेत्रात मात्र एका बाटलीने काम भागत नाही. तीच विहीर वर्षानुवर्षं तपासावी लागते. सिलिका उतरू लागली आणि क्लोराइडही पातळ होत गेलं, की कुठून तरी थंड पाणी शिरत असल्याचा तो इशारा असतो. विहिरीतल्या तापमापकाच्या आधी हा इशारा मिळू शकतो.

दोन हिशेब वेगळे ठेवले नाहीत तर काय होतं, याचं मोठं उदाहरण कॅलिफोर्नियातल्या द गीझर्स या क्षेत्रात घडलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला डोंगरांत असलेलं हे जगातलं सर्वांत मोठं भूऔष्णिक क्षेत्र. इथे लार्देरेल्लोसारखी कोरडी वाफ येते. १९६० मध्ये ११ मेगावॉटच्या संचाने सुरुवात झाली, आणि १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात उभारलेली क्षमता २,००० मेगावॉटच्या घरात पोचली. वेगवेगळ्या कंपन्या एकाच साठ्यावर शेजारी-शेजारी विहिरी खोदत होत्या. मग दाब झपाट्याने कोसळला, वाफ कमी झाली आणि संच रिकामे पडू लागले. साठा संपला असं वाटण्याजोगीच परिस्थिती होती. पण विहिरींतलं तापमान वेगळं सांगत होतं. खडक अजून जवळजवळ पूर्वीइतकेच, सुमारे २४० अंशांचे, तापलेले होते. संपत आलं होतं ते पाणी.

पाणी द्यायचं तर आणायचं कुठून? शहरांच्या सांडपाण्यातून. १९९७ मध्ये लेक काउंटीतून प्रक्रिया केलेलं सांडपाणी नळाने डोंगरावर येऊ लागलं, आणि २००३ पासून सँटा रोझा शहराचं पाणी साठहून अधिक किलोमीटरच्या नळाने येऊन त्याच खडकांत जिरू लागलं. रोज कोट्यवधी लिटर पाणी खाली जाऊन वाफ होऊन परत येतं. घसरण थोपली, आणि आजही या क्षेत्रातून सुमारे ७०० मेगावॉट वीज मिळते. पहिल्या पंचवीस वर्षांत दाबाच्या आकड्यांकडे सगळ्यांनी एकत्र बसून पाहिलं असतं, तर एवढी क्षमता उभारलीच गेली नसती, असं मला वाटतं.

खाली सोडलेलं पाणी नेमकं कुठे जातं? थंड पाणी एखाद्या मोकळ्या भेगेतून थेट उत्पादनाच्या विहिरीत पोचलं तर साठा वाचण्याऐवजी थंडावतो. म्हणून पाण्यात ओळखू येईल असा पदार्थ अगदी थोडा मिसळतात आणि तो कुठल्या विहिरीत, किती दिवसांनी, किती प्रमाणात येतो ते बघतात. वायराकेईत यासाठी किरणोत्सारी आयोडीन वापरलं गेलं. वाफेच्या क्षेत्रात वाफेसोबत प्रवास करणारा पदार्थ लागतो. द गीझर्समध्ये ट्रिटियम आणि शीतयंत्रातला आर-१३४ए हा वायूही वापरले गेले.

तिथे पाण्याचा मागोवा भूकंपही सांगतात. तापलेल्या खडकाला थंड पाणी लागलं की तो आकसतो आणि चिरतो. वर्षाला हजारो बारीक धक्के नोंदले जातात. बहुतेक कुणाला जाणवतही नाहीत, पण काही जाणवतात आणि आसपासच्या वस्त्यांतले लोक त्याबद्दल रास्त तक्रारी करतात. १९६७ चा कोयनेचा भूकंप अनुभवलेल्या महाराष्ट्राला पाणी आणि भूकंप यांचं नातं नवं नाही. कोयनेत कारण वेगळं, धरणाचं पाणी. आणि त्याचा अभ्यास आता कराडच्या प्रयोगशाळेतून खोल विहिरी घेऊन चालू आहे. द गीझर्समध्ये धक्क्यांच्या जागा नकाशावर मांडल्या की पाणी कुठवर उतरलंय ते दिसतं. शिवाय भूकंपाच्या लहरी साठ्यातूनच प्रवास करतात. छिद्रांत पाण्याच्या जागी वाफ आली की प्राथमिक लहरी मंदावतात, दुय्यम लहरींवर तेवढा परिणाम होत नाही. नव्वदच्या दशकात जिलियन फाउल्जर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोन वेगांच्या गुणोत्तरातली घट मोजून, साठा कुठे कोरडा पडत चाललाय हे दाखवून दिलं.

ही सगळी मोजमापं शेवटी संगणकावरच्या प्रतिकृतीत एकत्र येतात. वायराकेईची अशी प्रतिकृती ऑकलंड विद्यापीठात मायकेल ओ'सलिव्हन आणि सहकाऱ्यांनी अनेक दशकं घडवली. साठ्याचे हजारो ठोकळे करायचे, प्रत्येकाला पारगम्यता, म्हणजे त्यातून पाणी किती सहज वाहतं ते, द्यायची आणि १९५८ पासूनचा दाब, उष्णता, झऱ्यांचा प्रवाह त्यातून जुळतो का ते पाहायचं. जुळला नाही तर दुरुस्ती करून पुन्हा. भूतकाळ जुळल्यावरच भविष्याचं उत्तर मागायचं. २००५ च्या सुमारास या प्रतिकृतीला विचारलं गेलं की शंभर वर्षं वीज काढून थांबलो तर साठा पूर्ववत व्हायला किती काळ लागेल? दाब लवकर सावरतो. खडकांतली उष्णता भरून यायला मात्र सुमारे ४०० वर्षं लागतात, असं उत्तर आलं. भूऔष्णिक ऊर्जेला अक्षय म्हणताना हा आकडाही सोबत सांगितला पाहिजे.

आपल्याकडे हा प्रश्न आता लडाखमध्ये उभा आहे. पूगा खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून ४,४०० मीटरच्या आसपास, गरम पाण्याचे झरे आहेत, त्यांच्या काठाने टाकणखार आणि गंधकाचे थर साचले आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने सत्तरच्या दशकात तिथे उथळ विहिरी घेतल्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये ओएनजीसीने लडाख प्रशासनाबरोबर प्रायोगिक वीजप्रकल्पाचा करार केला. तिथल्या ओलसर कुरणावर चांगपा पशुपालकांचे कळप चरतात. टर्बाइन फिरण्याआधी किमान दोन-तीन वर्षं, हिवाळा आणि बर्फ वितळण्याचा काळ दोन्ही धरून, प्रत्येक झऱ्याचं तापमान, प्रवाह आणि क्लोराइड नोंदलं पाहिजे; गुरुत्वमापनाच्या आणि लेव्हलिंगच्या खुणा पक्क्या खडकात बसवल्या पाहिजेत; भूकंपमापक आधीपासून चालू असले पाहिजेत. पुढे एखादा झरा आटला तर तो विहिरींमुळे आटला की कोरड्या हिवाळ्यामुळे, हे चांगपांना आणि ओएनजीसीला दोघांनाही याच आकड्यांवरून ठरवावं लागेल. विहिरी चालू झाल्यानंतर ते घेता येणार नाहीत.